मान, पाठ आणि हातांचा उपचार
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त रामाकोना येथे झालेले भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत कीर्तन आहे, मुलांची नाटुकली आहे, वडीलधाऱ्यांचे सत्कार आहेत; आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये मानेच्या दुखण्यावर बोलावयास आम्हांला उभे केले आहे. विषय रूक्ष आहे हे आम्ही प्रथमच कबूल करतो. परंतु काल सायंकाळपासून मांडवात वावरताना एक गोष्ट ध्यानात आली. जो भेटतो तो आधी क्षेमकुशल विचारतो आणि लगोलग आपल्याच मानेवर हात ठेवतो. एक आजीबाई म्हणाल्या, "मान वयतच नाई ना जी. गाठ आली हाय, तेवढी मोडून द्या." तेव्हा विषय रूक्ष असला तरी परका नाही.

'मोडून द्या' हे शब्द आम्ही मुद्दाम सांगितले. आमच्या धंद्याविषयी लोकांच्या मनात जी समजूत आहे ती ह्या दोन शब्दांत पुरती उतरली आहे. काही तरी अडकले आहे, कोणी तरी कडाक् आवाज करून ते सोडवावे, आणि आपण मोकळे होऊन घरी जावे. असे नसते. काय असते ते सांगण्यासाठी हे भाषण आहे.

आपल्या ह्या कन्हानच्या खोऱ्यातली कामे पाहा. संत्र्याच्या तोडीला माणूस दिवसभर वर पाहून हात उंच करून उभा असतो. मान मागे, खांदे कानांजवळ. कापूस वेचणारी बाई पोटाशी ओटी बांधून दिवसभर खाली पाहते. घरी आली की चुंबळीवर पाण्याचा हंडा, नाही तर सरपणाची मोळी, नाही तर चाऱ्याचा भारा. शिलाईच्या मशीनवर बसणारे आहेत, खाचखळग्यांतून मोटारसायकल हाकणारे आहेत, आणि अलीकडे लहानथोर सगळेच हातातल्या फोनात डोके घालून बसलेले आहेत. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. मान सरळ असली की हे ओझे मणक्यांवर नीट तोलले जाते. मान पुढे झुकली की तेच डोके मागच्या स्नायूंना दोरासारखे ताणून धरावे लागते. पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आता थोडी रचना सांगितली पाहिजे. मानेत सात मणके. माणसाच्या मानेत सात, उंदराच्या मानेत सात आणि जिराफाच्याही मानेत सातच. सर्वांत वरच्या मणक्याला ॲटलस म्हणतात. ग्रीक लोकांच्या पुराणात आकाश खांद्यांवर तोलणारा एक पुरुष आहे, त्याचे हे नाव. आपल्याकडे हे काम शेषाकडे असते. 'होय' म्हणून मान हलवतो ती हालचाल मुख्यत्वे कवटी आणि हा पहिला मणका यांच्यामध्ये होते, आणि 'नाही' म्हणतो ती पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये. मान उजवीडावीकडे वळते त्यातली जवळजवळ निम्मी वळण ह्या एकाच जागी असते. बाकीची निम्मी खालच्या मणक्यांत वाटलेली. मानेच्या मुळाशी बोट फिरवले तर जे ठळक हाड लागते तो बहुधा सातवा मणका. त्याच्या खाली पाठीचे बारा मणके सुरू होतात. त्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे ते मानेच्या मणक्यांइतके मोकळे नसतात.

मणक्यामणक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूस चकती असते, हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. 'गॅप आला' हा शब्द घरोघर पोचला आहे. मागच्या बाजूस मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये उजवा-डावा असा बारीक सांध्यांचा एक जोड असतो, त्याची कोणास वार्ता नसते. आकाराने लहान, पण गुडघ्यासारखेच खरे सांधे: वर गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी, आत वंगण. गाडीच्या आसाला वंगण आपण बाहेरून घालतो. सांध्याचे वंगण सांध्यातच तयार होते आणि सांधा हलला तरच ते सगळीकडे फिरते. दुखते म्हणून मान हलवायची नाही, हलवली नाही म्हणून सांधा ताठरतो, ताठरला म्हणून आणखी दुखते, आणि भोवतीचे स्नायू पहारेकऱ्यासारखे आवळून बसतात. आमचा उपचार ह्या फेऱ्यात कोठे तरी शिरण्याचा आहे.

मोबिलायझेशन म्हणजे काय, ते आता सांगतो. रोगी पालथा झोपतो, कपाळ हातांवर टेकलेले. उपचार करणारा दोन्ही अंगठे मणक्याच्या मागच्या टोकावर किंवा बाजूच्या सांध्यावर ठेवतो आणि लयीत, हळूहळू, सेकंदाला एक-दोन हेलकावे ह्या हिशेबाने दाबतो व सोडतो. पाठीच्या वरच्या भागावर अंगठ्यांऐवजी तळहाताची कड ठेवतात, कारण तेथे मणके दणकट आणि ताठ असतात. एका जागी अर्धा-एक मिनिट. मग थांबायचे, रोग्यास उठवायचे, मान वळवून पाहावयास सांगायचे. आधी कोठपर्यंत वळत होती? आता कोठपर्यंत? आधी दुखत होते तितकेच दुखते की कमी? वाढले असेल तर जागा चुकली किंवा जोर चुकला. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की हा मनुष्य नुसता पाठ दाबतो आहे. वस्तुतः त्याचे अर्धे काम अंगठ्यांनी दाबण्याचे आणि अर्धे विचारून तपासण्याचे असते.

जोराच्या पायऱ्या असतात. ही रीत ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी घालून दिली. त्यांचे मणक्यांच्या उपचारावरचे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या भौतिकोपचाराचे विद्यार्थी वाचतात. पहिली पायरी म्हणजे हालचालीच्या अगदी आरंभी लहानसा हेलकावा. दुसरी मोठा हेलकावा, पण सांधा अडेल तेथपर्यंत न जाणारा. तिसरीत मोठाच हेलकावा अडणाऱ्या जागेपर्यंत नेतात. चौथी म्हणजे त्या अडणाऱ्या जागेवरच लहान हेलकावे. दुखणे फार असेल तेव्हा पहिल्या दोन, ताठरपणा मुख्य असेल तेव्हा पुढच्या दोन. ह्या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: रोगी 'थांबा' म्हणाला की हात थांबू शकतो. गंजलेल्या बिजागरीचे दार जसे आपण लाथ न मारता पुढेमागे करीत उघडतो, तसे हे आहे.

ह्याच्या पुढे झटक्याचा उपचार येतो. त्यात सांधा एका क्षणात, लहानसा पण वेगवान धक्का देऊन उघडतात आणि पुष्कळदा आवाज येतो. तो थांबवता येत नाही. दिला की दिला. हाडवैद्यांचा, अमेरिकेत १८९५ पासून चाललेल्या कायरोप्रॅक्टिक पंथाचा आणि काही भौतिकोपचारकांचाही तो आवडता मार्ग आहे. त्यातला आवाज हा हाड जागेवर बसल्याचा नव्हे, हे येथे सांगून टाकतो. सांध्याच्या वंगणात विरघळलेला वायू दाब एकाएकी कमी झाल्यामुळे पोकळी करतो, तिचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. मणका जागचा सरकला होता आणि तो बसवला, हे बोलणे रोग्यास आवडते, म्हणून सांगणारेही पुष्कळ. पण मणका खरोखरच जागचा सरकला तर माणूस चालत तुमच्या दारी येत नाही, त्यास उचलून रुग्णालयात न्यावे लागते.

मग मोबिलायझेशनने बरे का वाटते? आमच्या विद्यार्थिदशेत सांगत, सांध्याची पिशवी ताणली जाते म्हणून. थोडे तसे असेलही. परंतु अलीकडच्या वीसएक वर्षांच्या संशोधनाने कल दुसरीकडे झुकला आहे. सांध्यातून, स्नायूतून, कातडीतून लयीने जाणारा स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत पोचला की वेदनेच्या संदेशाला आवर बसतो, पहारा देणारे स्नायू सैल होतात, आणि माणसाची मान वळवण्याची भीती कमी होते. हा गुण काही मिनिटांचा, काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. त्या मोकळ्या वेळात रोग्याने स्वतः हालचाल केली तर तो टिकतो. न केली तर पुढल्या आठवड्यात पुन्हा तोच पाढा.

एक उदाहरण सांगतो. सौसरच्या बाजूची एक बाई, वेचणीच्या हंगामानंतर आमच्याकडे आली. मान डावीकडे वळेना. कोणी मानेला पट्टा बांधावयास सांगितला होता, तो ती महिनाभर रात्रंदिवस घालून होती. त्यामुळे मानेचे स्नायू अधिकच दुबळे झालेले. आम्ही मान तपासली, तर मानेचे सांधे फार वाईट नव्हते. खाली दोन्ही खवाट्यांच्या मधली पाठ मात्र पाटीसारखी ताठ. दिवसभर ओणवे राहिल्याने पाठीचे वरचे मणके मागे वळावयाचे विसरले होते, आणि वर पाहण्याचे, वळण्याचे सगळे काम एकट्या मानेवर पडले होते. घरात एक भाऊ कामचुकार असला की दुसऱ्याची पाठ मोडते, त्यातलाच प्रकार. आम्ही मानेला हात न लावता पाठीच्या वरच्या मणक्यांवर काम केले. पंधरा मिनिटांनी बाई उठली, मान वळवली आणि म्हणाली, "तुमी त मानीले हातच नाई लावला जी!" तिला हा जादूटोणा वाटला. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका लहान प्रयोगातही असेच दिसले होते की केवळ पाठीच्या मणक्यांवर झटक्याचा उपचार केला असता मानदुखी त्याच बैठकीत कमी झाली.

तीन-चार खेपांत त्या बाईचा पट्टा सुटला. बाजेवर गुंडाळलेले लुगडे पाठीखाली आडवे ठेवून त्यावर हात डोक्यामागे घेऊन पडायचे, हा व्यायाम ती करू लागली. हे सांगून आम्ही थांबलो तर आमची बढाई होईल. पुढल्या वर्षी वेचणी संपली आणि ती पुन्हा आली, तीच मान घेऊन. व्यायाम पेरणीपर्यंत केला, पुढे वेळ कोठला? आम्ही तिला दोष दिला नाही. कामाचे ओझे हात लावून कमी होत नाही.

ह्या उपचाराचे मोजमाप झाले आहे काय, असे विचारणारे सुशिक्षित तरुण येथे असतील. झाले आहे. नेदरलँड्समध्ये १८३ मानदुखीच्या रोग्यांचे तीन गट केले होते. एकास हातांचा उपचार, तोही झटक्यांविना. दुसऱ्यास मुख्यतः व्यायाम. तिसऱ्यास नेहमीच्या डॉक्टरची औषधे आणि सल्ला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात आठवड्यांनी पहिल्या गटात ६८ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ३६ टक्के रोग्यांना चांगला गुण आला होता. पुढे वर्ष उलटल्यावर मात्र तिघांमधले अंतर पुष्कळच कमी झाले. म्हणजे हात लावल्याने लवकर बरे वाटते. कायमचे बरे करतो असे जो सांगेल त्याच्याकडे थोडे संशयाने पाहावे. नंतरच्या अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली तीतही मोबिलायझेशन आणि झटका यांच्या गुणात मोठा फरक दिसला नाही. गुण जवळजवळ सारखाच, आणि मानेच्या बाबतीत धोका मात्र झटक्यात जास्त. मग झटक्याचा हट्ट कशाला, हे आमचे मत आहे. आमचे काही व्यवसायबंधू ह्याशी सहमत होणार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे निमंत्रण स्वीकारले तिच्याकडे येतो. ती आमच्या कौतुकाची नाही.

नोकरी लागून तिसरे वर्ष असेल. आमच्या नात्यातलेच एक काकाजी मान दुखते म्हणून आले. घरचा माणूस, त्यामुळे आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. विचारले असते तर त्यांना अपमान वाटला असता, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. काकाजी बोलता बोलता म्हणाले होते की हल्ली सुपारी कातरताना अडकित्ता हातातून निसटतो, आणि चालताना चप्पल पायातून निघून जाते ती कळतसुद्धा नाही. आम्ही हसून म्हटले, "वय झालं काकाजी." दोन दिवस आम्ही त्यांच्या मानेवर काम केले. त्यांना बरेही वाटले, आणि तेच घातक होते. तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ बाई दाराशी उभ्या होत्या. काकाजी दारातून पलंगापर्यंत जी दहा पावले चालत आले तेवढी त्यांनी पाहिली आणि आम्हांस बाहेर बोलावून विचारले, "हे असे कधीपासून चालतात?" आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही दोन दिवस त्यांना पालथे झोपलेलेच पाहिले होते.

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उसळला. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, अंगठा आपोआप आत वळला. तळपायावरून किल्लीची कड ओढली, पायाचा अंगठा खाली न जाता वर गेला. मानेत मज्जारज्जूवरच दाब येत होता. नागपूरला तपासणी झाली, शस्त्रक्रिया झाली. काकाजी आज काठी घेऊन चालतात, देवळात जातात. अडकित्ता मात्र पुन्हा हाती धरता आला नाही. सुपारी काकू कातरून देतात. आमच्या दोन दिवसांच्या दाबण्याने त्यांचे अधिक नुकसान झाले की नाही हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बाई दारात नसत्या तर तिसऱ्या दिवशी आम्ही जोराची एक पायरी वाढवणार होतो, एवढे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

तेव्हापासून नात्याचा असो की परका, मानेला हात लावण्यापूर्वी आम्ही विचारतो, आणि तुम्हीही, कोणी तुमच्या मानेला हात लावणार असेल तर हे प्रश्न त्याने विचारले की नाही ते पाहा. हातांची बोटे बटनावर अडखळतात काय? चालताना तोल जातो काय? लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला काय? झाडावरून, बैलगाडीवरून, मोटारसायकलवरून पडणे झाले होते काय? रात्री अंथरुणात पडल्या पडल्याच दुखणे वाढते काय? सायंकाळी बारीक ताप, भूक मेली, वजन उतरले, असे आहे काय? पूर्वी कर्करोग झाला होता काय? संधिवाताचा जुना आजार, हाडे ठिसूळ झालेली, वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या? चक्कर येऊन एकाचे दोन दिसणे, बोलणे बोबडे होणे, घास गिळताना अडकणे? छातीत दाटून मान आणि डावा हात दुखत असेल तर ते मानेचे दुखणे नसून हृदयाचे असू शकते. तेव्हा आमच्याकडे न येता सरळ रुग्णालयात जावे.

सायंकाळच्या तापाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या भागाचे दुखणे आहे. क्षयरोग फुप्फुसाचाच असतो असे पुष्कळांस वाटते. तो मणक्यालाही होतो. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास पॉटचा आजार म्हणतात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत. पाठीचा मणका आतून पोखरला जातो, आणि घरचे लोक तेल लावून चोळत असतात, उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेत असतात. पायाळूच्या पायाची आम्ही थट्टा करीत नाही. साध्या लचकेला हलका दाब आणि चार माणसांची आस्था मिळाली तर बरे वाटेलच, आणि साधी लचक तशीही आठ-पंधरा दिवसांत बरी होते. पण पोखरलेल्या मणक्यावर पाय देणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईवर चढणे आहे. औषधांनी हा क्षय बरा होतो, आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उशीर झाला तर मात्र कमरेखालचे अंग लुळे पडते.

आणि न्हावी. दाढी झाल्यावर डोके दोन्ही हातांत धरून एकदा इकडे, एकदा तिकडे कडाक्. पुष्कळांना ते सुख वाटते. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंस भोके असतात आणि त्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत जास्त वळणाऱ्या मणक्यापाशी त्या वळण घेऊन आत शिरतात. मान एकदम पिळली तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. हे क्वचितच घडते, पण तरुण, धडधाकट माणसांत घडते. अमेरिकेत १९९३ साली केस धुण्यासाठी पार्लरमध्ये मान मागे टाकून बसलेल्या काही स्त्रियांना असाच पक्षाघाताचा त्रास झाल्याचे एका डॉक्टराने प्रसिद्ध केले. त्यांची तर मान कोणी मोडलीही नव्हती. आपल्या गावच्या न्हाव्यांशी आमचे वैर नाही. त्यांनी डोक्याला तेल चोळावे, खांदे रगडावेत. मान मोडू नका, एवढे गिऱ्हाइकानेच सांगावे. गिऱ्हाइकाने मागितले नाही तर कोणी मोडणार नाही.

'गॅप'विषयी बोलल्याविना तुम्ही आम्हांस खाली बसू देणार नाही. जपानात १,२११ निरोगी, मानेचे काही दुखणे नसलेल्या लोकांच्या मानेचे एमआरआय काढले. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. कोणास काही दुखत नव्हते. केस पिकावे तशा चकत्या पिकतात. म्हणून चित्रात गॅप दिसला की आयुष्य संपले असे समजू नये, आणि उलट, बोटे अडखळत असतील तर चित्र काढण्यास टाळाटाळही करू नये. चित्र माणसाला तपासून मग पाहावयाचे असते. आमच्याकडे माणसे पिशवीभर चित्रे घेऊन येतात. कोणी त्यांच्या मानेला हात लावून पाहिलेला नसतो.

हा उपचार कोठे मिळेल? पूर्वी प्रश्न अवघड होता. आपल्या देशात भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने आणि पोलिओच्या मुलांसाठी. पोलिओ गेला, भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, भौतिकोपचार मात्र राहिला आणि पोलिओच्या पायांकडून आपल्या मानेकडे आला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकोपचाराचे शिक्षण आणि उपचार दोन्ही चालतात. आपला हा भाग १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा मध्य प्रदेशातच राहिला, २०२३ पासून जिल्ह्याचे ठिकाण पांढुर्णा झाले, पण दुखणे घेऊन जायचे म्हटले की आपली पावले नागपूरकडेच वळतात. आमच्या वडिलांच्या पिढीने छोट्या गाडीने डुलत जाऊन तेथले दवाखाने गाठले; ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि आता मोठी गाडी आहे. २०२१ साली संसदेने भौतिकोपचारासकट अनेक आरोग्य-व्यवसायांसाठी कायदाही केला आहे. पदवी कोठली, हे विचारण्यात संकोच करू नका. ज्याची पदवी खरी आहे तो रागावणार नाही.

घरी काय करावे ते थोडक्यात सांगतो, कारण जेवणाची वेळ झाली आहे आणि स्वयंपाकघरातून वास येऊ लागला आहे. एकाच पवित्र्यात अर्ध्या तासाहून अधिक राहू नये. वेचणी असो, शिलाई असो की फोन. उठावे, खांदे मागे फिरवावेत, भिंतीला पाठ लावून हनुवटी किंचित आत घ्यावी, दहा वेळा. मान दुखू लागली तरी सोसेल तेवढी वळवीत राहावी. उशी खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल इतकीच. पट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच आणि सांगितले तितकेच दिवस. डोक्यावर दोन हंडे नेण्याऐवजी दोन खेपा कराव्यात, असे आम्ही एकदा म्हणालो तेव्हा एका बाईने आम्हांस विचारले होते की दुसऱ्या खेपेचे पाणी तुम्ही आणता काय. तेव्हापासून हा सल्ला आम्ही घरातल्या पुरुषांना देतो. आजही त्यांनाच देत आहोत. पुरुष मंडळी त्या बाजूला बसली आहेत.

उद्या सकाळी आठपासून शाळेच्या पहिल्या खोलीत आम्ही माना तपासणार आहोत. जुने कागद आणि चित्रे असतील तर आणावीत, नसतील तर खास काढू नयेत. सैल कपडे घालावेत. ज्यांची बोटे बटनावर अडखळतात, ज्यांची चप्पल पायातून निसटते, किंवा ज्यांना सायंकाळी ताप येतो, त्यांनी रांगेत उभे न राहता सरळ आत यावे. दाराशी आमचे काकाजी खुर्ची टाकून बसणार आहेत. कोण कसा चालत येतो ते पाहण्याचे काम त्यांनी स्वतः मागून घेतले आहे.